अजिंठ्याची नौका आणि प्रतिकृतीची विद्या

घाटमाथ्यावरील मनुष्यास गलबताशी काय कर्तव्य आहे, असा प्रश्न कोणी केला तर तो वरवर पाहता अस्थानी वाटणार नाही. अकोल्याहून वाशिमकडे निघालेला रस्ता पातूर सोडल्यावर डोंगर चढू लागतो आणि रानातून वर येऊन मेडशीस पोचतो. तेथून जवळात जवळचा समुद्र सरळ रेषेत मोजला तरी चारशे किलोमीटरांहून दूर आहे. अशा गावी एखाद्या मुलाने वा मुलीने लाकडाचे तुकडे जमवून शिडाचे जहाज करावयास घेतले, तर घरातील वडील मंडळी कौतुकापेक्षा आश्चर्यच अधिक करतील, आणि शेजारी तर हा रिकामपणाचा उद्योग म्हणून सोडून देतील. परंतु ज्या भूमीविषयी आपण बोलत आहो तिचा समुद्राशी संबंध इतका तुटक नाही. ह्या जिल्ह्याच्या डोंगरांवर पडणारा पाऊस दोन समुद्रांत वाटला जातो. काटेपूर्णेचे पाणी पूर्णेत, पूर्णेचे तापीत, आणि तापीचे सुरतेपलीकडे पश्चिम समुद्रात जाते. पैनगंगेचे पाणी वर्धा, प्राणहिता व गोदावरी ह्यांच्या मार्गाने पूर्व समुद्र गाठते. हा झाला भूगोल. इतिहासाचा धागा त्याहून बळकट आहे.

आजचे वाशिम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म. वाकाटक घराण्याच्या एका शाखेची ही राजधानी होती, आणि १९३९ साली उजेडात आलेल्या वाशिमच्या ताम्रपटाने त्या शाखेच्या इतिहासाला भक्कम पाया मिळाला. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी ह्या घराण्याचे लेख परिश्रमपूर्वक संशोधून त्याची हकीकत मराठी वाचकांस सांगितली आहे. ह्याच शाखेतील हरिषेण राजाचा सचिव वराहदेव. अजिंठ्याचे सोळावे लेणे त्याने कोरविले, असे तेथील शिलालेख सांगतो. म्हणजे पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात अजिंठ्याच्या डोंगरात जे अपूर्व काम चालले होते, त्याचा आश्रय वत्सगुल्माच्या दरबारी होता. आणि त्याच अजिंठ्यास, दुसऱ्या लेण्याच्या भिंतीवर, हरिषेणाच्या काळी किंवा त्यानंतर थोड्याच अवधीत, एका चित्रकाराने समुद्रात चाललेली एक नौका रंगविली. समुद्रापासून इतक्या दूर, डोंगराच्या पोटात, दिव्याच्या किंवा परावर्तित उजेडात काढलेले हे जहाज भारतीय नौकाशास्त्राच्या इतिहासात एक प्रमुख साक्षीदार होऊन बसले आहे. तेव्हा वऱ्हाडाने जहाजाची आठवण ठेवणे ही आजची नवी गोष्ट नव्हे. पंधराशे वर्षांमागे ते एकदा घडून गेले आहे.

चित्राचा विषय पूर्ण नावाच्या व्यापाऱ्याची कथा हा मानतात. हा पूर्ण शूर्पारकाचा, म्हणजे आपल्या वसईजवळच्या सोपाऱ्याचा. तो पुढे भिक्षू झाला आणि चंदनाच्या शोधार्थ गेलेले त्याच्या भावाचे जहाज संकटात सापडले असता त्याने ते वाचविले, अशी कथा आहे. चित्रातील नौकेची नाळ आणि मागील टोक दोन्ही उंच उचललेली आहेत. तीन सरळ डोलकाठ्या असून प्रत्येकीवर उभट चौकोनी शीड आहे. पुढे बाहेर झुकलेल्या काठीवर वाऱ्याने फुगलेले आणखी एक शीड दिसते. मागील बाजूस सुकाणूचे काम करणारी मोठी वल्ही लटकत आहेत, नाळेवर डोळे रंगविले आहेत, आणि मागच्या छताखाली मडकी मांडून ठेवली आहेत. ही मडकी पाहिली म्हणजे चित्रकाराने, किंवा त्याला सांगणाऱ्याने, खरोखरीचे जहाज बारकाईने पाहिले होते ह्याविषयी संशय राहत नाही. कारण कल्पनेने जहाज रंगविणारा मनुष्य शिडे काढील, लाटा काढील, पण पिण्याच्या पाण्याची सोय त्याच्या ध्यानात येणार नाही.

ह्या चित्राची नक्कल करण्याची हकीकतही विचार करण्यासारखी आहे. रॉबर्ट गिल ह्या लष्करी अधिकाऱ्याने अजिंठ्यास वर्षानुवर्षे राहून केलेल्या नकला १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत जवळजवळ साऱ्या नष्ट झाल्या. पुढे मुंबईच्या जमशेटजी जीजीभाई कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ पासून १८८५ पर्यंत ते काम पुन्हा केले. त्यातील कित्येक नकला १८८५ साली लंडनमध्येच पुन्हा आगीच्या भक्ष्यस्थानी पडल्या. तरीही त्यांनी चिकाटी सोडली नाही, आणि १८९६–९७ साली त्यांचा मोठा ग्रंथ दोन खंडांत बाहेर पडला. त्यातील वर्णनाच्या आधारेच राधाकुमुद मुखर्जी यांनी १९१२ साली प्रसिद्ध केलेल्या भारतीय नौकानयनाच्या इतिहासात ह्या नौकेस मानाचे स्थान दिले. मूळ भिंतीवरील रंग दिवसेंदिवस उडत असता नक्कल करणारे हात जर पुढे आले नसते, तर आज आपण काय गमावले असते, ह्याची कल्पना करावी.

परंतु चित्र कितीही उत्तम असले तरी ते जहाजाची एकच बाजू दाखविते. पाण्याखाली पोट किती खोल होते? मध्यभागी रुंदी किती? फळ्या किती जाड, आणि त्या एकमेकींस कशा जोडल्या? डोलकाठीचे बूड कशात बसविले होते? ह्यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर भिंत देत नाही. ग्रंथांकडे वळावे तर भोजाच्या नावावर असलेल्या युक्तिकल्पतरूत नौकांचे प्रकार व त्यांच्या लांबी-रुंदीची प्रमाणे दिली आहेत, आणि समुद्रातील लोहचुंबक नौकेस ओढून घेतील म्हणून समुद्रगामी नौकेत लोखंड वापरू नये, असेही सांगितले आहे. चुंबकाचे कारण आज आपणास पटणार नाही. पण लोखंडी खिळ्यांवाचून काथ्याने शिवलेली जहाजे आपल्या समुद्रात खरोखरच चालत होती, ह्याला पुरावा पुष्कळ आहे. ग्रंथ आकडे देतो, चित्र डौल देते. परंतु आकडे आणि डौल ह्यांची सांगड घालावयाची तर तिसरे साधन लागते, आणि ते म्हणजे प्रतिकृती. हातात घेऊन उलटीसुलटी करता येईल असे लहान जहाज. जे कागदावर लपते ते लाकडात लपत नाही. रेषा एकमेकींस न जुळता कागदावर सुखाने नांदू शकतात. फळी मात्र न जुळली तर वाकत नाही किंवा मोडते.

प्रतिकृती करण्याची हौस मनुष्यजातीला फार जुनी आहे. लोथल येथे शि. रं. राव यांनी १९५५ पासून केलेल्या उत्खननात पक्क्या मातीच्या लहान होड्या सापडल्या, आणि त्यांपैकी एकीत डोलकाठी रोवण्याची जागा ठेवलेली आहे. ईजिप्तमध्ये मेकेत्रे नावाच्या अधिकाऱ्याच्या थडग्यात १९२० साली लाकडी होड्यांचा एक सबंध ताफा मिळाला. तो सुमारे चार हजार वर्षांचा असून त्यात वल्हेकरी, स्वयंपाक्यांची होडी, शिडे, दोऱ्या सर्व काही आहे. ह्या वस्तू कोणी खेळासाठी केल्या, कोणी परलोकीच्या प्रवासासाठी. पण करणाऱ्यांचा हेतू काहीही असो, आज त्या आपणास शाळामास्तराचे काम देतात. सतराव्या शतकात इंग्लंडच्या आरमारी खात्यासाठी युद्धनौकांच्या अतिशय नेटक्या प्रतिकृती होऊ लागल्या. त्यांचे माप बहुधा अठ्ठेचाळिसास एक असे, आणि खालच्या भागावर फळ्या न मारता आतील बरगड्या उघड्या ठेवीत. त्या नौका केव्हाच नाहीशा झाल्या. प्रतिकृती मात्र संग्रहालयांत शाबूत आहेत. त्याखेरीज जहाज बांधणारे सुतार अर्ध्या अंगाची प्रतिकृती कोरून तिच्यावरूनच मोठ्या जहाजाची मापे काढीत. म्हणजे तेथे प्रतिकृती हे जहाजाचे स्मारक नसून त्याचे बीज होते.

आता आपल्या घरची गोष्ट पाहू. दिवाळी आली की महाराष्ट्रातील मुले अंगणात मातीचा किल्ला करतात. दगड, विटा, चिखल आणि अळीव ह्यांतून सिंहगड उभा राहतो, बुरूज होतात, मावळे पहाऱ्यावर चढतात. प्रतिकृतीची विद्या आपणास परकी नाही. किंबहुना इतक्या घरांतून, इतक्या नियमाने तिची उपासना करणारा समाज विरळा. परंतु ह्या किल्ल्याच्या पायथ्याशी गलबत क्वचितच दिसते. ज्या शिवाजी महाराजांनी १६६४ साली मालवणच्या बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला, त्यांचा किल्ला आम्ही करतो. ज्या आरमारासाठी तो किल्ला बांधला ते आरमार मात्र आमच्या अंगणात येत नाही. ह्या विस्मरणाची किंमत थोडी नाही.

फेब्रुवारी १७५६ मध्ये पेशव्यांच्या व इंग्रजांच्या संयुक्त मोहिमेत विजयदुर्ग पडला आणि तुळाजी आंग्र्यांचे आरमार बंदरात जळून गेले. राजकारणाच्या दृष्टीने ह्या घटनेचा निवाडा इतिहासकारांनी अनेकदा केला आहे. येथे आपणास वेगळेच दुःख सांगावयाचे आहे. त्या आगीत केवळ लढाऊ जहाजे जळाली नाहीत, तर त्यांचा घाटही जळाला. गुराब आणि गलबत ही नावे आम्ही अभिमानाने उच्चारतो, परंतु त्यांचे विश्वसनीय वर्णन कोठे सापडते? तर ऑर्म ह्या इंग्रज कंपनीच्या इतिहासकाराच्या लेखणीत. तो सांगतो की, गुराबेस बहुधा दोन आणि क्वचित तीन डोलकाठ्या असत. तीन काठ्यांची गुराब सुमारे ३०० टनांची, दोन काठ्यांची १५० टनांच्या आतली. ती उथळ पाण्यात चालावी म्हणून तिचे बूड फारसे खोल नसे, लांबीच्या मानाने ती रुंद असे, आणि मध्यापासून पुढे निमुळती होत जाऊन तिला भूमध्य समुद्रातील वल्हेकरी नौकांसारखी पुढे आलेली नाळ असे. गलबत त्याहून लहान, ७० टनांच्या आतबाहेर, चाळीस-पन्नास वल्ह्यांनी चालणारे. शत्रूच्या इतिहासकाराने लिहून ठेवले म्हणून आम्हांस इतके तरी कळते. परंतु शब्दांवरून गुराब करावयास बसलेल्या मनुष्याची अडचण पहिल्याच दिवशी सुरू होते. ‘रुंद’ म्हणजे किती, ‘निमुळती’ म्हणजे कोणत्या वळणाने, हे ऑर्म सांगत नाही. एखाद्या सुताराने फावल्या वेळी आपल्या गुराबेची हातभर लांबीची प्रतिकृती करून देवघराच्या कोनाड्यात ठेवली असती, तर तिने जे सांगितले असते ते दहा ग्रंथांनी सांगता येणार नाही.

मुंबईच्या गोदीचा इतिहास ह्याच गोष्टीची दुसरी बाजू दाखवितो. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ साली सुरतेहून, म्हणजे आमच्या काटेपूर्णेचे पाणी जेथे शेवटी जाते त्या मुलखातून, मुंबईस आले, आणि त्यांच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या सागवानी जहाजे बांधली. जमशेटजी बमनजी वाडिया यांनी बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही युद्धनौका १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात उतरली आणि आजही इंग्लंडात हार्टलपूल येथे तरंगत आहे. तिचे नकाशे प्रथम ‘जावा’ नावाच्या जहाजातून हिंदुस्थानाकडे पाठविले होते. डिसेंबर १८१२ मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकन युद्धनौकेने ‘जावा’चा पाडाव केला आणि नकाशे गेले. पण त्यांची दुसरी प्रत करता येत होती. ती आली, आणि जहाज झाले. जेथे नमुना जपून ठेवण्याची व त्याच्या प्रती करण्याची रीत आहे, तेथे एका अपघाताने विद्या बुडत नाही; जेथे ती रीत नाही तेथे एका रात्रीची आग पुरते. ह्याच घराण्यातील अर्देशीर करसेटजी यांनी तरुणपणी एका अश्वशक्तीचे लहान वाफेचे यंत्र स्वतः तयार केले. पुढे आगबोटींच्या विद्येत त्यांनी नाव मिळविले आणि १८४१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीचे सभासद होण्याचा मान मिळविणारे ते पहिले भारतीय ठरले. लहान यंत्र करणाऱ्या तरुणाला त्या वेळी कोणी ‘हा काय पोरखेळ’ म्हणून परतविले नाही, हे आपले भाग्य.

पोरखेळ आणि शास्त्र ह्यांच्यामधील भिंत किती पातळ आहे, हे विल्यम फ्रूड ह्या इंग्रज शास्त्रज्ञाच्या चरित्रात दिसते. जहाजाची लहान प्रतिकृती पाण्यातून ओढून मोठ्या जहाजाविषयी काही कळेल, ही कल्पना त्या काळच्या मातब्बर तज्ज्ञांस पटत नव्हती. फ्रूड यांनी १८६७ साली डार्ट नदीवर दोन निरनिराळ्या घाटांच्या, तीन, सहा व बारा फूट लांबीच्या प्रतिकृती ओढून पाहिल्या, आणि १८७२ मध्ये टॉर्की येथे आपल्या घराजवळ बांधलेल्या लांबलचक हौदात मेणाच्या प्रतिकृतींवर प्रयोग सुरू केले. त्यांनी दाखविले की, प्रतिकृतीचा वेग लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात ठेवला म्हणजे तिच्याभोवती उठणाऱ्या लाटा मोठ्या जहाजाच्या लाटांसारख्याच उठतात. पंचविसास एक अशा मापाची प्रतिकृती असेल तर मूळ जहाजाच्या एक पंचमांश वेगाने ती चालवावी. ज्या लहान नौकांस लोक खेळणी समजत होते, त्यांनीच पुढे जगातील आरमारांस शिकविले.

हौशी कारागिरांचा एक समाज बनण्यास मात्र एकोणिसाव्या शतकाची अखेर उजाडावी लागली. जानेवारी १८९८ मध्ये पर्सिव्हल मार्शल यांनी लंडनमध्ये लहान यंत्रे व प्रतिकृती करणाऱ्यांसाठी नियतकालिक काढले, आणि त्याच वर्षी अशा लोकांची संस्थाही निघाली. अमेरिकेत कॅप्टन मॅकान यांनी विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात साध्या हत्यारांनी जहाजे करण्याची कृती लोकप्रिय मासिकांतून सांगितली. चार्ल्स डेव्हिस यांचे ह्या विषयावरील ग्रंथ १९२५ पासून येऊ लागले. ह्या लोकांनी एक मोठे काम केले. घरोघर एकट्याने धडपडणाऱ्या मनुष्यास त्यांनी सांगितले की, तुझ्यासारखे दुसरेही आहेत, तुला आलेली अडचण त्यांसही आली होती, आणि ती अशी अशी सुटते. आपल्याकडे राष्ट्रीय छात्रसेनेच्या नौदल विभागात जहाजाची प्रतिकृती करणे हा शिक्षणाचाच एक भाग असून तिच्या स्पर्धाही होतात. समुद्र न पाहिलेली मुले तेथे जहाजाचे अंगप्रत्यंग नावानिशी ओळखू लागतात, ही समाधानाची गोष्ट आहे.

प्रतिकृती ही दोन भाषांमधील दुभाषी कशी होते, ह्याचे अलीकडील एक उदाहरण मनोवेधक आहे. जावा बेटावरील बोरोबुदुर येथील स्तूपावर आठव्या-नवव्या शतकांतील जहाजे कोरलेली आहेत. फिलिप बील ह्या इंग्रज गृहस्थाने ती १९८२ साली पाहिली आणि तसे जहाज बांधून आफ्रिकेपर्यंत जाण्याचा ध्यास घेतला. नौकाशास्त्राचे अभ्यासक निक बर्निंगहॅम यांनी शिल्पांवरून बाल्सा ह्या हलक्या लाकडाची लहान प्रतिकृती केली, आणि इंडोनेशियातील एका छोट्या बेटावरील वृद्ध कारागीर असद अब्दुल्ला यांनी ती समोर ठेवून २००३ साली सबंध जहाज उभे केले. नकाशे वाचण्याची त्यांना गरज पडली नाही. हातातील लाकूड ते वाचू शकत होते. २००४ च्या आरंभी ते जहाज घाना देशाच्या किनाऱ्यास सुखरूप लागले. त्याच्याही आधी, १९८० साली, टिम सेव्हरिन यांनी ओमानमध्ये शिवणीचे ‘सोहार’ जहाज बांधविले; लाकूड मलबारचे होते आणि शिवणारे हात लक्षद्वीपचे. ते जहाज १९८१ मध्ये चीनच्या कँटन बंदरी पोचले.

आणि शेवटी ती पाळी अजिंठ्याची आली. संजीव सान्याल यांच्या कल्पनेतून, केंद्र सरकारचे संस्कृती मंत्रालय, भारतीय नौदल आणि गोव्यातील एक नौकाबांधणी कंपनी ह्यांच्यात जुलै २०२३ मध्ये करार होऊन, त्याच भिंतीवरील नौकेस लाकडात उतरविण्याचे ठरले. १२ सप्टेंबर २०२३ रोजी कणा घातला गेला. केरळचे कुशल कारागीर बाबू शंकरन यांच्या देखरेखीखाली लाकडी फळ्या काथ्याच्या दोरीने शिवून, सांधे राळ आणि तेल ह्यांनी बुजवून सुमारे २० मीटर लांबीचे हे जहाज तयार झाले. मूळ नकाशा कोठेच नव्हता. म्हणून आकृती ठरविल्यावर मद्रासच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत प्रतिकृतीवर पाण्यातील परीक्षा घेण्यात आल्या. फ्रूडचा हौद आणि वत्सगुल्मकालीन चित्रकाराची भिंत येथे एकत्र आली, असे म्हणावयास हरकत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये जहाज पाण्यात उतरले. २१ मे २०२५ रोजी कारवार येथे ‘कौण्डिन्य’ ह्या नावाने ते नौदलात दाखल झाले. २९ डिसेंबर २०२५ रोजी पोरबंदर सोडून १४ जानेवारी २०२६ रोजी मस्कतला पोचले. भिंतीवरून उतरून समुद्रात गेलेल्या ह्या नौकेने एक गोष्ट निर्विवाद सिद्ध केली: नक्कल करणाऱ्यांची परंपरा अखंड राहिली तर पंधराशे वर्षांनंतरही जहाज पुन्हा चालते.

एवढे झाल्यावर मेडशीच्या घरात बसून हे जहाज करू इच्छिणाऱ्यांस दोन शब्द व्यवहाराचे सांगणे उचित होईल. प्रथम माप ठरवावे. चाळिसास एक हे माप सोयीचे आहे. त्याने २० मीटरांचे जहाज अर्ध्या मीटरचे होते, आणि घरातील फळीवर मावते. चार सेंटिमीटर उंचीचा एक मनुष्य पुठ्ठ्यात कापून जवळ ठेवावा. तो ह्या मापाने एक मीटर साठ सेंटिमीटरांचा होतो. प्रत्येक दार, पायरी, वल्हे त्याच्याशेजारी धरून पाहिले म्हणजे चूक आपोआप दिसते. दोरीचेही तसेच: जहाजावरील चार सेंटिमीटर जाडीचा दोर येथे एक मिलिमीटरचा व्हावा. नवशिक्याच्या कामात दोर नेहमी जाड असतात, आणि त्यामुळे सुरेख कामही खेळण्यासारखे दिसू लागते.

लाकडाविषयी सांगावयाचे तर, भोवती सागाचे रान असले तरी साग सर्वत्र वापरू नये. त्याचे धागे ठळक असतात. लहान नौकेवर ते जणू चाळीसपट मोठे होऊन डोळ्यांत भरतात. कण्यास, म्हणजे कोकणी सुतार ज्यास पठाण म्हणतात त्यास, साग उत्तम. फळ्यांस शिवणीचे लाकूड बरे, कारण ते हलके, बारीक पोताचे आणि कमी वळणारे असते. डोलकाठ्यांस व बारीक खुंट्यांस बांबू पुरतो. पहिल्याच प्रयत्नात बरगड्या उभारून फळ्या मारण्याच्या भरीस पडू नये. पांगाऱ्यासारख्या मऊ लाकडाच्या पातळ फळ्या एकीवर एक सरसाने चिकटवाव्या, प्रत्येकीचा आकार आधीच नकाशाप्रमाणे कापावा, आणि मग पटाशीने व कानसेने पायऱ्या घासून काढाव्या. दोन्ही बाजू सारख्या याव्यात म्हणून कागद मधोमध दुमडून एकदाच कापावा. ही रीत सोपी असून तिने डोळ्यास घाटाची ओळख होते. ही ओळख झाल्यावाचून पुढचे काम व्यर्थ.

दुसऱ्या नौकेच्या वेळी बरगड्या आणि फळ्या घ्याव्या. फळी गरम पाण्यात भिजवून, बाकावर वळणात टाचून रात्रभर सुकू द्यावी. एक फळी डावीकडे, तिची जोडीदार उजवीकडे, अशा क्रमाने जावे. एकच बाजू आधी पुरी केली तर कणा पिळतो, आणि पिळलेला कणा पुढे कशानेही सरळ होत नाही. डोलकाठीचे ताणही तसेच जोडीजोडीने बांधावे. शिवण शिकावयाची तर ती प्रत्यक्ष जहाजावर शिकू नये. वीतभर लांबीच्या दोन फळ्या घ्याव्या, सामत्याने दोन्हींच्या काठांस समोरासमोर छिद्रे पाडावी, सांध्यावर काथ्याची वळी ठेवून तिच्यावरून दोरी आवळावी, आणि पाण्यात धरून पाहावे. घरातील ज्या मंडळींचा हात सुईवर बसलेला आहे, त्यांना येथे पहिला मान आहे. टाका कोठे सैल पडला हे त्यांना पाहताक्षणी कळते. शिडांसाठी जुने, पुष्कळ धुतलेले सुती कापड चहाच्या पाण्यात बुडवून घ्यावे. तलावात नौका सोडावयाची असेल तर एक गोष्ट विसरू नये: जहाज लहान केले तरी वारा लहान होत नाही. लांबी चाळिसांश झाली की वजन चौसष्ट हजारांश होते, आणि खरी झुळूक अशी नौका सहज आडवी करते. म्हणून कण्याखाली शिशाचे वजन असलेला, काढता येणारा जोडकणा लावावा.

साऱ्यांत महत्त्वाची सूचना कारागिरीची नसून सचोटीची आहे. अजिंठ्याच्या चित्रात जे दिसते ते एका वहीत एका बाजूस लिहावे. जे आपण तर्काने भरले ते दुसऱ्या बाजूस. बुडाची खोली तर्काने, मडकी चित्रावरून; फळीची जाडी तर्काने, सुकाणूची वल्ही चित्रावरून. ही वही नौकेबरोबर ठेवावी. गुराब करणाऱ्याने तर हे अवश्य करावे. नाही तर आजचा तर्क उद्या इतिहास म्हणून मिरवू लागतो आणि प्रतिकृती खोटी साक्ष देते.

आता पाहणाऱ्यांविषयी. ज्याने पहिलीच नौका केली आहे त्याच्यापाशी सगळे दोष एकदम वाचून दाखवू नयेत. आधी त्याने हे कशावरून केले ते विचारावे, काय साधले ते सांगावे, मग एकच दोष दाखवावा आणि त्याबरोबर तो काढण्याची युक्तीही सांगावी. युक्तीवाचून सांगितलेला दोष हा उपदेश नव्हे. करणाऱ्यानेही पहिली नौका, ती कशीही वाकडी होवो, पुरी करावी आणि टाकू नये. कारण पुरी केलेली ओबडधोबड नौका तिच्या मालकास पुढच्या नौकेत काय करावे ते रोज सांगत राहते, आणि अर्धवट टाकलेली सुंदर नौका काहीच सांगत नाही. एका गावात असे दोघेतिघे असले तर त्यांनी पंधरा दिवसांतून एकदा आपापले काम एका ठिकाणी आणून ठेवावे. एकाकडे कानस असते, दुसऱ्याकडे धीर असतो.

येत्या दिवाळीत अंगणातल्या किल्ल्याच्या पायथ्याशी परातीत पाणी भरून एक लहान गलबत सोडावे, एवढी तरी सुरुवात कोणत्याही घरास करता येईल. विजयदुर्गाच्या बंदरात जळालेला ताफा परत येणार नाही. परंतु अजिंठ्याच्या भिंतीवर ज्या कोणी ती बारा-पंधरा मडकी आठवणीने रंगविली, त्याला आपल्या चित्राचे पुढे काय होणार ह्याची कल्पना नव्हती. त्याने पाहिले तसे नीट काढले, इतकेच. त्याच्याच मुलखात आज कोणी पन्नास सेंटिमीटरांची नौका करीत असेल, तर तिला निरुपयोगी म्हणण्यापूर्वी आपण क्षणभर थांबावे, आणि जमल्यास त्या मनुष्यास एखादी चांगली पटाशी आणून द्यावी.